अनुभव धागा: विंचूदंश

लाल विंचवाचे रुग्ण हाताळणाऱ्यांनी आणि विंचू ओळखणाऱ्यांनी इथे नेमकं लिहावं. मंत्र-उतारे नकोत.

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, कोकण
ठणका किती ते नंतर विचारा, आधी तळपाय चाचपा. रुग्ण ओरडतोय पण पाय कोमट, कोरडे असतील तर विष बहुधा डंखापाशीच आहे. बोटाला बधिर करणारं लिग्नोकेन द्या आणि 24 तास नजर ठेवा. उलट्या, दरदरून घाम, लाळ, मुलग्याचं शिश्न ताठ आणि हातपाय गार दिसले की प्राझोसिन, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी. मुलांना किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे 15 किलोच्या पोराला 450. पाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. गोळी साधीच हवी. दुकानात बरेचदा हळूहळू विरघळणारी मिळते, ती फोडून देऊ नका.

परिचारिका
पहिल्या गोळीनंतर पोराला उचलून कडेवर घेऊ देऊ नका, रक्तदाब एकदम कोसळतो. आडवंच ठेवा. घाम-उलट्यांत गेलेलं पाणी भरून काढा. आणि सापाची लस (म्हणजे विषावरचं प्रतिविष) विंचवाला चालत नाही, कुपीवरचं नाव वाचा.

शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे
हे विष नसांमधली सोडियमची दारं मिटू देत नाही, त्यामुळे नस थांबतच नाही. आधी अ‍ॅसिटिलकोलीन या नसांच्या निरोप्या रसायनाचा लोंढा येतो, त्यातून लाळ, घाम, उलट्या. मागून अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या दाबाविरुद्ध झुंजून थकतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. प्राझोसिन आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे रुग्णांच्या उशाशी बसून दाखवून दिलं. एका तालुक्याच्या गावातून आलेलं हे काम, त्याचं मोल मला फार वाटतं. 2011 मध्ये त्यांचीच चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली: प्राझोसिनसोबत विंचवाची लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो.

सर्पमित्र
मोठी काळी इंगळी पाहून लोक घाबरतात, पण तिचे चिमटे जाड आणि विष सौम्य. लाल विंचू लहान, चिमटे सडपातळ, नांगीची शेपटी मात्र जाड. जांभ्याच्या फटी, गोवऱ्या, सरपण, कौलं, चप्पल या त्याच्या जागा. रात्री अतिनील टॉर्च मारा, विंचू हिरवट चमकतो. नुकतीच कात टाकलेला मात्र फारसा चमकत नाही, म्हणून बूट झटकूनच घाला.