मदत हवी आहे: नऊ महिन्यांच्या तपासणीला काय काय विचारून घेऊ?

नमस्कार मंडळी, मी सांगलीची, विश्रामबागला राहते. लेक पुढच्या आठवड्यात नऊ महिन्यांची होईल. आतापर्यंतच्या सगळ्या लसी सरकारी केंद्रातच घेतल्यात. तिथे आता गोवर-रुबेला, न्यूमोकोकलचा बूस्टर आणि अ जीवनसत्त्वाचा डोस आहे. खाजगीत मात्र याच वयाला एमएमआर देतात, त्यात गालगुंडही येतं. आत्ता सरकारी घेऊन पुढे पंधराव्या महिन्याला खाजगीत एमएमआर दिलं, असं कुणी केलंय का? डॉक्टरांनी काय सांगितलं?

दुसरं, वजन. जन्मावेळी 2.8 किलो, आता 7.4. तक्त्यावर तिची रेष नीट वर चाललीय आणि सहा महिन्यांनंतर वेग मंदावतोच, पण सासूबाईंना पटत नाही. शेजारचं गुटगुटीत बाळ दिसलं की झालंच सुरू! नाचणीचं सत्त्व, मुगाची खिचडी, तूप सगळं खाते. लोहाचे थेंब तुमच्याकडे कधी सुरू केले?

आणि रांगणं. छान बसते, चिमटीत मुरमुरा पकडते (तोंडात जायच्या आत काढून घेते मी), हाक मारली की वळते, पण रांगत नाही, बसल्या बसल्या सरकते. डोक्याचा घेर मोजतात ते माहितेय, त्याशिवाय या वयात डॉक्टर काय काय बघतात?

सांगली-मिरजेत घाई न करता बोलणारे बालरोगतज्ज्ञ माहीत असतील तर सांगा. वॉकर आणा असं मात्र कृपया सुचवू नका, त्यावरून घरात आधीच वाजलंय.