मदत हवी आहे: फायबरची होडी की लाकडाची, कार्बनचा हिशोब कसा लावायचा?

8 मीटरच्या मासेमारी होडीसाठी फायबर आणि साग यांची तुलना मांडतोय. किलोला किलो लावलं तर लाकूड सहज जिंकतं, पण लाकडी होडी जड असते, म्हणजे ती तुलनाच खोटी. म्हणून एकक धरलंय 'एक होडी, 20 वर्षं समुद्रात'.

फायबर 600 किलो: चॉप्ड मॅट (काचेच्या तुकडे धाग्यांची चटई) 200, तिला घट्ट करणारं पॉलिस्टर रेझिन 400, रेझिन थिजवणारं हार्डनर रेझिनच्या 1 ते 2 टक्के. थर चढवताना रेझिनमधून उडणारं स्टायरीन (शेडमध्ये नाकाला झोंबतं तेच), मॅटची कातरण आणि डब्यात थिजलेलं रेझिन वेगळं मोजलंय. लाकडाकडे कापणीतला भुसा, तांब्याचे खिळे, फटींत ठोकायचा कापूस, दरवर्षीचं तेल.

अडलंय ते इथे. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड. हलक्या होडीचं वाचलेलं इंधन बांधणीतला फरक गिळून टाकतं. इंधन वेगळ्या रकान्यात दाखवता का?

आणि शेवट कसा धरता? फायबर वितळवता येत नाही. सिमेंटच्या भट्टीत रेझिन जळतं, काच क्लिंकरमध्ये (सिमेंट दळण्याआधीचे भाजलेले खडे) मुरते, पण आधी होडी कापून, ट्रकने तिथवर न्यायची. किनाऱ्यावर तशीच टाकलेल्या होडीला काय लावायचं, शून्य?