साइड व्हीलच्या गाडीवर तासगाव ते गणपतीपुळे: सामान कशात आणि कसं न्यावं?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार. मी तासगावची. डावा पाय मांडीपासून कृत्रिम आहे. गाडी जुनी अ‍ॅक्टिवा, दोन्ही बाजूंना चाकं बसवलेली. पाच वर्षं तासगाव-सांगली रोजचं जाणं-येणं याच गाडीवर चाललंय, त्यामुळे चालवायची भीती नाही. येत्या डिसेंबरात मात्र पहिल्यांदाच लांब जायचं ठरवलंय. सांगली, कोल्हापूर, आंबा घाट, पाली आणि तिथून गणपतीपुळे. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास होईल. जाताना मलकापूरला मुक्काम, गणपतीपुळ्यात दोन दिवस, येताना तसंच. मागे कुणी बसणार नाही. धाकटा भाऊ त्याच्या मोटरसायकलवर बरोबर येतोय, पण माझं सामान माझ्याच गाडीवर जाईल, हे मी त्याला आधीच सांगितलंय.

आता अडचण सामानाची. बघावं तिथे सगळी माहिती दोन चाकीवाल्यांसाठी. दोन्हीकडे लोंबणाऱ्या सॅडल बॅगा माझ्या गाडीला बसतच नाहीत, तिथे चाकांचे मडगार्ड येतात. परदेशातल्या मोठ्या तीन चाकी मोटरसायकलींना मागच्या दोन चाकांच्या मध्ये चांगली ऐसपैस डिकी असते, हार्ले डेव्हिडसनच्या ट्राय ग्लाइडची बघितली. आपल्या गाडीत त्याच जागी इंजिन आणि मधलं चाक. मग राहिलं काय, तर कॅरिअरवर टॉप बॉक्स, नाहीतर ट्रेकिंगची सॅक मागच्या सीटवर आडवी बांधायची. भाऊ म्हणतो, घरचा द्राक्षाचा क्रेट कॅरिअरला नटबोल्टने बसवू, फुकटात काम होईल.

आणि कुबड्या? संध्याकाळी पाय काढला की दोन्ही लागतात. रोज मी त्या पायाशी तिरक्या ठेवते, पण दिवसभराच्या प्रवासात ते जमणार नाही. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी सांगावं.

घाटवाट_कराड

ताई, डोळे झाकून ४५ लिटरचा टॉप बॉक्स घ्या. कुलूप लागतं, पाणी आत जात नाही. मी मोटरसायकलवर चार वर्षं वापरतोय, काहीच तक्रार नाही.

शिलाईवाला_मिरज

ताई, मी मिरजेत तीस वर्षं गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. उजवा पाय पोलिओचा, त्याला आधार द्यायला कॅलिपर (धातूच्या पट्ट्यांचा सांगाडा) आणि कोपराच्या दोन कुबड्या. साइड व्हीलच्या गाडीवर पंढरपूर, तुळजापूर, गोकर्ण आणि दोनदा रत्नागिरी केलंय. तुमचा प्रश्न दुपारीच वाचला होता, दुकान बंद करून आता सविस्तर लिहायला बसलो.

कराडच्या दादांचा बॉक्स त्यांच्या गाडीला चांगलाच आहे, पण आपल्या गाडीला घालू नका. दोन चाकी वळणावर कलते, त्यामुळे सामानाचा भार सीटमधून खालीच दाबला जातो. आपली गाडी कलत नाही. वळणावर सामान बाहेरच्या अंगाला रेटलं जातं, आणि ते जितकं उंच तितकं आतल्या बाजूचं चाक हलकं होतं. शिवाय टॉप बॉक्स मागच्या चाकाच्याही मागे लोंबतो. तिथे दहा-बारा किलो गेले की चढाला हँडल हलकं लागायला लागतं. आंबा घाट येताना चढायचा आहे, हे विसरू नका.

भावाच्या क्रेटचंही तेच. क्रेट मजबूत, भोकंच भोकं, बांधायला उत्तम, पण जागा चुकीची.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या गाडीत ओढ फक्त मधल्या चाकाला असते, बाजूची चाकं नुसती फिरतात. कुणी मडगार्डवर जाळी बसवून तिथे पिशव्या लादतात. भार बाजूच्या चाकांनी घेतला की मधलं चाक उचलल्यासारखं होतं आणि खडीवर किंवा ओल्या चढावर जागच्या जागी फिरत राहतं. म्हणून जड सामान मधोमध आणि मधल्या चाकाच्या बरोबर वर, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या सीटवर. तिथे ते तुमच्या पाठीला टेकूही देतं. हलके कपडे, टॉवेल असलं काही हवं तर मडगार्डवर टाका, दोन्हीकडे सारखं.

सॅक आडवी बांधू नका. तिचं तोंड एका टोकाला असतं, काही काढायचं म्हटलं की सगळं सोडावं लागतं. बैठकीतल्या लोडासारखी गोल, लांबट पिशवी घ्या किंवा शिवून घ्या आणि ती सीटवर उभी, गाडीच्या लांबीत ठेवा. कापड वॉटरप्रूफ कॅनव्हास. चेन लावू नका, तोंड गुंडाळून क्लिप लावायची. शिवणाऱ्याला एक सांगा: पाणी कापडातून येत नाही, सुईच्या भोकांतून येतं. शिलाईवर आतून मेण घासून घ्यायचं आणि तरीही आत खताच्या पोत्यातली प्लास्टिकची पिशवी धुऊन घालायची. डिसेंबरात पाऊस नसेल, पण रस्त्याच्या कामाची धूळही त्याच भोकांतून आत जाते. पाली ते हातखंबा त्या धुळीने माझे पांढरे शर्ट विटकरी झाले होते.

तुमची गाडी जुनी म्हणता, म्हणजे पेट्रोलचं झाकण सीटखाली. इथेच बहुतेकांची फसगत होते. लोड कॅरिअरला आवळून बांधला की सीट उघडत नाही, पंपावर सगळं सोडत बसावं लागतं, मागे रांग लागते. पट्टे सीटच्या बुडाखालून घ्या, म्हणजे लोडासकट सीट उघडते. पंपावरच्या पोराला ‘जरा धरून ठेव रे बाळा’ म्हणायचं. टाकी सव्वापाच लिटरची, बाजूच्या चाकांमुळे पेट्रोल जास्त जातं, तेव्हा कोल्हापूर आणि मलकापूर दोन्हीकडे भरूनच पुढे. रबरी हुकाच्या दोऱ्या आणू नका, खड्ड्यात ताणतात आणि सामान सरकतं. बकलचे पट्टे घ्या, दहा किलोमीटरवर थांबून एकदा आवळा, सामान बसल्यावर ते सैल होतातच.

आता कुबड्या. हे मी जरा लांबून सांगतो, कारण माझ्या हातून चूक झाली होती. पहिल्यांदा रत्नागिरीला जाताना मी दोन्ही कुबड्या कॅरिअरवर आडव्या, रबरी दोरीने बांधल्या होत्या. साखरपा मागे टाकलं आणि पुढे चहासाठी थांबलो, हात मागे घातला तर दोरी लोंबतेय आणि कुबडी एकच आहे. दुसरी कुठल्या खड्ड्यात पडली कळलंच नाही. एका कुबडीवर मला दोन पावलंही टाकता येत नाहीत. दोन तास गाडीवरच बसून होतो, समोर दहा हातांवर हॉटेल, तरी उतरता येईना. शेवटी एका टेम्पोवाल्याला सांगितलं, तो सहा किलोमीटर मागे जाऊन घेऊन आला. पैसे घेईना, चहा मात्र प्यायला.

तेव्हापासून पाइप. तीन इंची पीव्हीसी पाइपचे दोन फुटांचे दोन तुकडे, खाली टोपी, टोपीला पाणी जायला भोक. आत खालच्या बाजूला फोमची पट्टी चिकटवायची, नाहीतर कुबडी अख्खा रस्ता खडखडते आणि डोकं उठतं. पाइप साइड व्हीलच्या फ्रेमला पुढच्या अंगाला दोन क्लॅम्पनी, किंचित पुढे तिरका. कुबडीचा खालचा भाग पाइपात, मूठ तुमच्या कोपराजवळ बाहेर, वर एक वेलक्रोचा पट्टा. मागे वळावं लागत नाही, बसल्या जागी हात खाली गेला की मूठ हातात येते. पाइप चाकाला घासत नाही ना हे गाडीवर बसून, दाबून बघा. रिकाम्या गाडीत अंतर जास्त दिसतं.

बाकी सामान भरताना मी एकच हिशेब करतो: ही वस्तू काढायला गाडीवरून उतरावं लागेल का? तुमच्या-माझ्यासाठी उतरणं म्हणजे पाय सोडवणं, कुबडी काढणं, जागा बघून टेकवणं. रस्त्याचा उतार असेल तर आणखी कठीण. म्हणून पाणी, गोळ्या, पैसे, रुमाल, आरसी-लायसन, यूडीआयडी कार्डाची (अपंगत्वाच्या ओळखपत्राची) झेरॉक्स पुढच्या हुकाला लावलेल्या छोट्या पिशवीत. हवा भरायचा चार्जिंगचा पंप, पंक्चर किट आणि बाजूच्या चाकाची एक ट्यूब सीटखालच्या डिकीत. कुबडीचे रबरी बूट दोन जास्तीचे, ते झिजले की ओल्या फरशीवर कुबडी सटकते. एक लाकडी गुटका चाकाखाली लावायला. माझं सगळं मिळून ताणकाट्यावर १४ किलो भरलं होतं आणि त्यातले तीन किलो मी उघडलेसुद्धा नाहीत.

घाट उतरताना सामानाचं वजन ब्रेकवर येतं. बाजूच्या चाकांना बहुधा ब्रेक नसतो, सगळा भार पुढच्या-मागच्या दोन ड्रम ब्रेकवर. हळू उतरा, वास आला तर थांबा, गार होऊ द्या, पाणी ओतू नका.

आणि आधी सगळं सामान बांधून औदुंबरला जाऊन या. घाटात कळण्यापेक्षा भिलवडीच्या रस्त्यावर कळलेलं बरं.

अजिंक्यतारा_११

मी साताऱ्याची, व्हीलचेअरवर. मिरजेच्या काकांनी बरंच सांगितलं, पण बायकांची एक गोष्ट राहिली, ती मी सांगते. आपण वाटेत बाथरूमची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाही. मी साताऱ्याहून कोयनेला जाताना असंच केलं आणि परत आल्यावर लघवीच्या संसर्गाने आठ दिवस अंथरुणात होते. पाणी प्या. त्याऐवजी घडीचं कमोड स्टूल न्या, लोखंडी नळीचं, पाय दुमडणारं. माझं चार किलोचं आहे आणि सामानात सगळ्यात आधी तेच बांधते. लॉजवाले फोनवर ‘सोय आहे’ म्हणतात, गेल्यावर दोन पायऱ्या चढून भारतीय संडास निघतो. फोनवर पायऱ्या किती, दरवाजा किती इंच, असं नेमकं विचारा, शक्य असेल तर फोटो मागवा.

बसायला हवेची गादी असेल तर घाट उतरून किनाऱ्याला पोचल्यावर खाली हात घालून तपासा. वर भरलेली हवा खाली थोडी बसते. आणि अर्ध्या-पाऊण तासाने थांबून दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. तुम्हाला पाठीखाली संवेदना आहे, म्हणून माझ्याइतकी भीती नाही, पण मांडी सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वाटीत, दिवसभर राहणार आहे. आतले मोजे किती नेताय?

द्राक्षबाग_तासगाव

मोजे सहा, आता आठ नेते. घाम आला की बदलावेच लागतात. स्टुलाचं माझ्या डोक्यातच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही पाणी न पिण्याचंच ठरवलं होतं. ताई, मनापासून आभार.

काका, भावाला तुमचं सगळं वाचून दाखवलं. क्रेट शेडमध्ये परत गेला. पाइप तो उद्या आणतोय. एक विचारायचं होतं: गणपतीपुळ्याला समुद्रापर्यंत जाता येतं का? गाडी वाळूत घालावी का?

शिलाईवाला_मिरज

गाडी अजिबात घालू नका. मधलं चाक वाळूत फिरून स्वतःच खड्डा करतं आणि बाजूची चाकं गाडी अडकवून ठेवतात, चार माणसं लागतात काढायला. जवळच्या आरे-वारेला तर रस्त्यावरूनच समुद्र दिसतो, तिथे गाडीवर बसून हवा तेवढा वेळ बघा.

पण पाण्यापर्यंत जायचं असेल तर कुबडीवर जाता येतं. मी गेलोय. नुसती कुबडी वाळूत वीतभर रुतते, म्हणून मी चार इंची प्लायवूडच्या दोन चकत्या कापल्या, कडा घासून गोल केल्या, वर कॅनव्हासची वाटी शिवली आणि नाडी ओढून ती कुबडीच्या रबरावर घट्ट बसवली. दोन्ही मिळून पावशेर वजन. भरतीची ओली रेषा असते तिथली वाळू घट्ट, तिथपर्यंत हळूहळू गेलो आणि मग कॅलिपरच्या बुटात पाणी शिरेपर्यंत उभा राहिलो. बायकोने बूट घरी आल्यावर तीन दिवस उन्हात ठेवले. खाऱ्या पाण्याने बिजागरीला गंज धरतो, तेव्हा तुमच्या पायाच्या गुडघ्याला पाणी लागू देऊ नका. पाय गाडीजवळच काढून ठेवा आणि भावाला शेजारी घेऊन कुबड्यांवर जा.

तुमच्या कुबडीच्या रबराचं माप पाठवा, चकत्या शिवून ठेवतो. सांगलीला रोज येताच, मिरज काही लांब नाही. पैशाचं बोलू नका.

द्राक्षबाग_तासगाव

काका, आत्ताच मोजलं. दोन्ही रबरं खालून ४५ मिलिमीटर, उंची ५०. डाव्या कुबडीचं एका बाजूने झिजलंय, ते नवीन घेऊन मगच येते. शनिवारी अर्धा दिवस असतो, दुपारी तीनच्या सुमाराला दुकान उघडं असेल ना? लोडाचं मापही तेव्हाच गाडीवर घेऊ.