जिनिंगमधल्या फिटरचं काम मालकाला काहून दिसत नाही?

प्रश्न, वणीकडचा:
24 डबल रोलर रेच्यांची (कापसातली सरकी काढून रुई अलग करणाऱ्या मशीनींची) लाईन, हंगामभर मोठा बंद नाही. तरी मार्चच्या हिशेबात पगारवाढ प्रेसवाल्याला (रुईच्या गठाणी बांधणाऱ्याला) अन् फिटरला "मशीन तर चांगलीच चालते, तू काय केलं?" वहीत नेमकं काय लिहावं?

सरकीवाला:
गठाण प्रेसवर मोजल्या जाते, म्हणून नाव प्रेसवाल्याचं. रेच्यावर मोजतो कोण? त्यात फिटरचं मोठं काम, म्हणजे चाकू लावणं, बेअरिंग पाहणं, पोळ्याच्या आसपासच होते. रोलरच्या चामड्यावर चर पाडणं (त्या खाचांनी रुई ओढल्या जाते) हंगामातही चालू राहते, पण लाईन चालू दिसते म्हणून कोणी पाहत नाही. मार्चपर्यंत हे सारं कोणाच्या ध्यानात राहते!

रेचावार वही करा. दहा मिनिटांची रुई पोत्यात अलग धरून तोला, सहानं गुणा. चर पाडायच्या आधी एकदा, नंतर एकदा. त्याच वेळी रेच्याखालची मूठभर सरकी पाहा. आखूड लव राहतेच. पण लांब तंतू लोंबत असतील तर चर बुजले समजा. सरकी फुटून तिचे तुकडे रुईत येत असतील तर चाकूचं ओव्हरलॅप (हलता चाकू बसत्या चाकूवर जेवढा चढतो ते) जास्त असू शकते. दोन्ही गोष्टी तारखेसह लिहा.

ढीगवाला:
कापसाचा ओलावा लिहिला नाही तर हीच वही अंगावर उलटते. 8 टक्क्यांचा कापूस अन् 12 चा कापूस एकाच रेच्यावर सारखा उतारा (तासाची रुई) देत नाही, अन् दोष येतो फिटरवर. मीटर वरवर लावू नका, ढिगाच्या पोटात तीन जागी घाला.

हिशेबनीस:
मालकाला गठाणीत सांगा. रेच्याला तासी 50 किलो रुई धरली तर 24 रेच्यांची 1200 किलो, म्हणजे 170 किलोच्या सात गठाणी. लाईन तासभर थांबली की तेवढ्या गेल्या.

अन् दाबाची नोंद विसरू नका राजेहो. आकडा वाढवायला सुपरवायझर रोलरवरचा दाब वाढवायला लावतो. दोन-चार दिवस उतारा चढतो, शाबासकी त्याची. मग रोलर तापते, चामडं लवकर झिजते, आगीचा धोका वाढतो, अन् नव्या चामड्याचं बिल फिटरच्या नावावर. कोणी सांगितलं, कोणत्या पाळीत, तिथल्या तिथं लिहा.

वणीकडचा:
प्रेसवाला वहीवर सही देईल का?

हिशेबनीस:
सही कशाला मागता? त्याचा पाळीवार आकडा रोज लिहिल्या जातेच. पाळी बदलताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा.