पावसाची नावे आणि पावसाचे आकडे

धागाकर्ता (राजापूर):
मराठीत पावसाला किती शब्द आहेत, याच्या याद्या दर जूनमध्ये फिरू लागतात. त्यांत रिमझिम, भुरभुर, धोधो ही आवाजावरून आणि पडण्याच्या तऱ्हेवरून आलेली विशेषणे खऱ्या नावांच्या पंगतीला बसवलेली असतात. वळीव, झड, शिरवा ही नावे होत. माझ्या मते कोकणातले नाव पाऊस किती पडला हे सांगत नाही, आपण काय करायचे ते सांगते. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, जवळ आली की होडी किनाऱ्यावर ओढायची आणि लाकूडफाटा पडवीत घ्यायचा. झड लागली की चार दिवस उन्हाची आशा सोडायची. शिरवे, म्हणजे मधूनच येऊन जाणाऱ्या सरी, असतील तर वाळवण अंगणात घालायला हरकत नाही, मात्र एक डोळा आभाळाकडे हवा. हे मिलिमीटरांत मावत नाही.

प्रतिसाद (चिपळूण):
आपला मुद्दा वाळवणापुरता खरा आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी आमच्या बाजारपेठेत शिरले. 'मुसळधार' हा शब्द आम्ही दर पावसाळ्यात इतक्यांदा ऐकतो की तो ऐकून कोणी दुकानातला माल माळ्यावर चढवत नाही. २४ तासांत २०४.४ मिमीहून अधिक पावसाचा इशारा आला, तर चढवतो. भरपाईसाठीही महसूल मंडळात ६५ मिमीहून अधिक पाऊस झाल्याची नोंद पाहतात. पंचनाम्यात झड लिहून चालत नाही.

धागाकर्ता:
६५ मिमीचेच घ्या. जुलैत एवढा पाऊस आमच्या खाचरांत नेहमीचाच, आणि लावणीला तो हवाच असतो. उलट ऑक्टोबरात कापणीला आलेल्या भातावर २० मिमी जरी पडले, तरी पीक आडवे होते आणि भिजत राहिल्यास दाण्याला कोंब फुटतात.

प्रतिसाद (मालवण):
नावांवरही फार विसंबू नये. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा, असे देशावरही म्हणतात. पण ही नावे सूर्याच्या नक्षत्राला बांधलेली आहेत आणि तरणा कोरडा गेल्याची वर्षे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

प्रतिसाद (चिपळूण):
ऑक्टोबरचा मुद्दा मान्य. मात्र ज्या पावसाने सर्वाधिक नुकसान होते, त्याला आपल्या यादीत नाव कोणते? अवकाळी म्हणावे, तर मार्चमधला पाऊसही अवकाळीच. 'परतीचा पाऊस' हा शब्द आमच्या घरात तरी हवामानाच्या बातम्यांतूनच आला.