पुन्हा चालू झालेलं वाफेचं इंजिन अण्णांना जवळून ऐकवायचंय, कुठे नेऊ?

जेलरोडकर

माझे वडील, अण्णा, ८१ वर्षांचे आहेत. रेल्वेच्या पूर्णा इंजिन शेडला क्लीनर म्हणून लागले, पुढे फायरमन झाले. मनमाडपासून औरंगाबाद-जालन्याकडे जाणाऱ्या मीटरगेज पॅसेंजरवर, वाय.पी. जातीच्या वाफेच्या इंजिनात, कितीतरी वर्षं कोळसा टाकला. आता आम्ही नाशिकरोडला असतो.

परवा जेवताना मी त्यांना मोबाइलवर एका वारसा गाडीचा व्हिडिओ दाखवला. बरीच वर्षं उभं राहिलेलं इंजिन दुरुस्त करून परत धावायला लावलं होतं. अण्णांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि मोबाइल कानाला लावला. चित्र बघितलंच नाही. म्हणाले, "चारातला एक ठोका लंगडा पडतोय."

मला कळेना. मग त्यांनी ताटाच्या काठावर बोटांनी वाजवून दाखवलं. दोन सिलिंडर. दट्ट्या पुढे जाताना एकदा वाफ सुटते, मागे येताना एकदा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. चारही सारखे पडले तर व्हॉल्व्ह नीट बसलेत. रात्रीच्या अंधारात ड्रायव्हर एवढ्यावरून इंजिनाची तब्येत सांगायचे. शेवटी म्हणाले, "पण मोबाइलचा भरवसा नाही, जवळून ऐकलं पाहिजे."

त्यांनी इतक्या वर्षांत स्वतःसाठी असं काही मागितलेलं मला आठवत नाही. त्यामुळे हे जमवायचंच आहे.

चौथऱ्यावर रंगवून ठेवलेलं इंजिन नको. एकदा नेलं होतं तसं एक दाखवायला. कोळसा जळतो त्या फायरबॉक्सच्या दारावर हात ठेवून "गार आहे" एवढंच बोलले आणि घरी चला म्हणाले. त्यांचे गुडघे दुखतात, फार जिने चढवत नाहीत. आणि त्यांचाच एक प्रश्न आहे: इतकं जुनं इंजिन परत चालवतात तेव्हा बॉयलर जुनाच ठेवतात का?

निवृत्त बॉयलरवाला, देवळाली

अण्णांना माझा नमस्कार सांगा. आधी त्यांच्या प्रश्नाचं सांगतो, कारण माझी नोकरी त्यातच गेली.

पुन्हा चालू करायचं म्हणजे खरं काम बॉयलरचंच. फायरबॉक्सचा आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा यांना धरून ठेवणारे शेकडो स्टे असतात. एकेक हातोडीने ठोकून ऐकायचा. चांगला खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. ट्यूबा, म्हणजे जाळाचा धूर पाण्यातून नेणाऱ्या नळ्या, बहुतेक वेळा सगळ्याच नव्या घालाव्या लागतात. मग बॉयलर पाण्याने गच्च भरून रोजच्यापेक्षा जास्त दाब द्यायचा. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे काही फुटलंच तर नुसती गळती होते, स्फोट होत नाही. त्यात पास झालं तरच आग. डब्ल्यू.पी. या ब्रॉडगेजच्या पॅसेंजर इंजिनाचा रोजचा दाब चौरस इंचाला २१० पौंड, तिथे चूक चालत नाही. गार बॉयलरखाली घाईने जाळ केला तर पत्रे कमीजास्त तापून सांधे गळतात, म्हणून जाळ हळूहळू वाढवायचा, आदल्या दिवशीपासून.

आणि बॉयलर जुनाच का? चालू काळातसुद्धा कारखान्यात बॉयलर एका इंजिनाचा काढून दुसऱ्याला बसवत. बॉयलर दुरुस्तीला वेळ जास्त लागतो, इंजिन तोवर अडकवून ठेवायचं नसतं. ब्रिटनचं फ्लाइंग स्कॉट्समन हे इंजिन १९२३ सालचं. २००६ मध्ये सोडवायला घेतलं, ४२ लाख पौंड खर्च झाला आणि २०१६ मध्ये ते परत मुख्य मार्गावर धावलं. त्याच्याही आयुष्यात बॉयलर बदललेत. म्हणून ते वेगळं इंजिन झालं असं मी मानत नाही.

इगतपुरीचा

दादा, आपल्याकडे रेल्वेला इगतपुरीपर्यंत वीज १९३० च्या सुमारास आली, पण पुढे नाशिक-मनमाडकडे साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत वाफच होती. इगतपुरीला इंजिन बदलायचं, ते आजोबा सांगायचे.

रेवाडीचं वाफेच्या इंजिनांचं शेड बघा. १८९३ सालचं आहे, दिल्लीपासून ऐंशीएक किलोमीटर. जमीन सपाट, जिने नाहीत. तिथलं डब्ल्यू.एल. १५००५ हे इंजिन, नाव शेर-ए-पंजाब, ६ डिसेंबर १९९५ ला जालंधर-फिरोजपूर या ब्रॉडगेजच्या शेवटच्या वाफेच्या गाडीला होतं. पण रोज काही जाळ नसतो, आधी विचारून मगच तिकीट काढा. फेअरी क्वीन या इंजिनाचंही विचारून ठेवा. १८५५ चं, १९०९ ला निवृत्त झालेलं, आणि १९९७ मध्ये परत गाडीला जोडलेलं! एक सावधगिरी: काही वारसा गाड्यांना हल्ली डिझेललाच वाफेच्या इंजिनाचं रूप देतात. ते आधीच विचारा, अण्णांची निराशा व्हायला नको.

कुन्नूरला जाऊन आलेली

काकांचं आयुष्य मीटरगेजवर गेलं ना? मग तमिळनाडूतली निलगिरीची डोंगरी गाडीच. मेट्टुपालयम ते कुन्नूर, मीटरगेज, इंजिन गाडीला मागून ढकलतं आणि घाटात दातेरी रुळावर चढतं. चढ बाराला एक. पण त्यांना आधीच सांगून ठेवा, तिथल्या बऱ्याच इंजिनांत कोळसा नाही, तेल जळतं. आणि या इंजिनाला सिलिंडर चार, दोन साध्या चाकांना, दोन दातेरी चाकाला. वापरलेली वाफ घाटात आधीच्या दोनांतून पुढच्या दोनांत जाते. तेव्हा त्यांचा चार ठोक्यांचा हिशोब तिथे कसा लागतो ते त्यांनाच विचारा, मला खरंच ऐकायचंय.

कोळसाच हवा असेल तर दार्जिलिंग. बुटकी इंजिनं, दोनच सिलिंडर, आणि एक माणूस इंजिनावर बसून कोळशाची ढेकळं फोडत असतो. घूमपर्यंतच्या फेरीत स्टेशनवर उतरून अगदी बाजूला उभं राहता येतं. थंडी असते, गुडघ्यांना गरम पट्टे न्या.

जेलरोडकर

सगळं अण्णांना दोनदा वाचून दाखवलं. बॉयलरवाल्यांचं स्टेचं वाक्य ऐकून ते उठून बसले आणि म्हणाले, "बरोबर, बद्द वाजतो."

तेलाचं ऐकल्यावर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, फावडं नसलं तरी पाण्याची पातळी बघायला माणूस लागतोच, काच रिकामी झाली की इंजिन गेलं. तरी दार्जिलिंगलाच जायचं ठरलंय, दिवाळीनंतर. रेवाडीलाही विचारून ठेवतो.

कुन्नूरच्या ताई, अण्णा म्हणतात चार सिलिंडरचं ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही, उगाच सांगणार नाही. आणि त्यांना एवढंच कळवा: दार्जिलिंगच्या इंजिनाला फावडं केवढं असतं? फायरबॉक्सचं दार लहान असणार, म्हणून विचारतात.