जर्मेनियम बूस्टर: आवाज ट्रान्झिस्टरचा की कानांची हौस?

जुनाखोका:
१९६० च्या दशकातल्या डॅलस रेंजमास्टर या पेडलच्या धर्तीवरचा बूस्टर (गिटारचा सिग्नल अँपआधी वाढवणारं पेडल) दोन वर्षं वापरतोय. एक ओसी४४ (जुना जर्मेनियम ट्रान्झिस्टर), मूठभर सुटे भाग, ९ व्होल्टची बॅटरी, बस्स. आवाज फाटायच्या बेतात असलेल्या व्हॉल्व्ह अँपसमोर हा लावला की मधली पट्टी जी गाते, ती सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमधून निघत नाही. टोनी आयोमी, रोरी गॅलाघर या गिटारिस्टांनी उगाच नाही वापरला. माझं मत ठाम आहे. खोडा बघू.

थंडसोल्डर:
खोडतो. खालचे सूर कापतो तो इनपुटचा ५ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. ९ व्होल्टपैकी कलेक्टर (ट्रान्झिस्टरचं आउटपुटचं टोक) ७ च्या आसपास ठेवला की एका बाजूला जेमतेम २ व्होल्टची जागा उरते, म्हणून लाट एकीकडून आधी कापली जाते. हे सगळं सुटे भाग आणि बायसिंग (ट्रान्झिस्टरचे व्होल्टेज बसवणं) झालं, यात जर्मेनियमचं काय? सिलिकॉन बसवा, बायस तोच ठेवा, वरचा चरचराट एका छोट्या कपॅसिटरने दाबा आणि डोळे मिटून ओळखून दाखवा. शिवाय जर्मेनियमचा लीकेज करंट (नको असताना झिरपणारा प्रवाह) तापमान वाढलं की दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. दुपारच्या सरावातलं पेडल आणि रात्रीच्या कार्यक्रमातलं पेडल वेगळं!

जुनाखोका:
कपॅसिटरचं मान्य. पण इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) इतका कमी आहे की गिटारच्या पिकअपवरच भार येतो. गिटारचा व्हॉल्यूम ७ वर आणला की आवाज लगेच निवळतो, ती मजा त्यातच आहे. (याच्या आधी बफर्ड पेडल, म्हणजे पिकअपवरचा हा भार तोडणारं पेडल, लावून "कर्कश वाजतो" म्हणणाऱ्यांनी कृपया रांगेत यावं.) उष्णतेचं म्हणाल तर मी बायस जुळवायला ट्रिमपॉट (पेचकसाने फिरवायचा छोटा रेझिस्टर) बसवलाय. उकाड्यात मीटर लावून कलेक्टर पुन्हा ७ व्होल्टवर आणतो.

थंडसोल्डर:
कमी इम्पीडन्ससुद्धा सिलिकॉनमध्ये जमतो. आणि गाण्याआधी मीटर काढणारा गिटारिस्ट... असो.

बॅटरीबाई:
तुमचं भांडण चालू द्या, पण नव्या लोकांसाठी एक सांगते. ओसी४४ पीएनपी (ऋण व्होल्टेजवर चालणाऱ्या) प्रकारचा आहे, त्यामुळे जुन्या मांडणीत बॅटरीचं धन टोक ग्राउंडला असतं. मी असा बूस्टर बाकीच्या पेडलांच्या एकाच अडॅप्टरच्या साखळीत जोडला. पॅच केबलच्या ग्राउंडमधून सरळ शॉर्ट, अडॅप्टर गेला. बॅटरी वापरा, नाहीतर स्वतंत्र आयसोलेटेड (बाकीच्यांशी ग्राउंड न जोडलेलं) आउटपुट. आणि वाजवून झाल्यावर इनपुटची जॅक काढा. बऱ्याच पेडलांत ती आत असली की बॅटरी संपत राहते.

थंडसोल्डर:
ट्रान्झिस्टर सोल्डर करून बदलताना त्याच्या तारेला चिमटा लावून उष्णता ओढून घ्या, हेही सांगा. सिलिकॉनला एवढं जपावं लागत नाही, हे जाता जाता.

काळारंग:
माझ्याकडच्या जुन्या ओसी७१ चा, म्हणजे काचेच्या आवरणातल्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा, किस्सा. पेडलचं झाकण उघडून दिव्याखाली तपासताना गुणगुण, झाकण लावलं की शांत. दोन संध्याकाळी ग्राउंड शोधण्यात घालवल्या. शेवटी दिसलं, काचेवरचा काळा रंग खरवडला गेला होता. आत प्रकाश शिरला की जर्मेनियम फोटोट्रान्झिस्टरसारखं (प्रकाशावर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरसारखं) वागतं! रंगाचा एक ठिपका दिला, काम झालं. बाकी मी जुनाखोकांच्या बाजूने, पण पेडलातले वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले तेव्हा जितका फरक पडला, तितका ट्रान्झिस्टर बदलून कधी पडला नाही.

जुनाखोका:
हे कुणाच्या बाजूने झालं नक्की?